नाव खेळाडूचे, गल्ला कोणाचा?

मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. म्हाळुंगे आणि बालेवाडी यांच्या शिवेवरचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून उभे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधले गेले आणि २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरल्या. पुढे याच मैदानावर पुणे फुटबॉल क्लबचे घरचे सामने होऊ लागले आणि सामन्यांना जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी एक परके वाटणारे नाव बसले. ते नाव म्हणजे अराता इझुमी.

३१ जुलै १९८२ रोजी जपानच्या शिमोनोसेकी शहरात जन्मलेला हा खेळाडू आता निवृत्त झाला आहे. वडील गुजराती, आई जपानी. भारतीय पासपोर्टवर त्याचे नाव नीलकंठ खंभोळजा असे आहे, पण मैदानावर तो शेवटपर्यंत अराताच राहिला.

व्यापार-उद्योगाच्या पानावर फुटबॉलपटूचे काय काम, असे काही वाचक बंधू विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. लोकप्रियता हा बाजारात विकला जाणारा माल आहे. शर्टाच्या पाठीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, दप्तरावर एखादे नाव छापले की तीच वस्तू चढ्या भावाने जाते. ते नाव छापणारा, शर्ट शिवणारा, चेंडूला टाके घालणारा कारागीर पुष्कळदा आपल्यातलाच असतो. मग ज्या खेळाडूला मुळशीच्या वेशीवर कित्येक हंगाम टाळ्या मिळाल्या, त्याच्या नावाने आपल्या किती गल्ल्यांत पैसा आला? आमच्या मते फारच थोडा. यात दोष खेळाडूचा नाही आणि कारागिराचाही नाही. मग तो कशाचा, हे पाहिले पाहिजे, कारण उद्या दुसरे नाव गाजेल आणि तेव्हाही हाच प्रश्न येईल.

अराताची वाटचाल आधी थोडक्यात पाहू. सिंगापूरमध्ये आल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबचा एक संघ खेळत असे. तेथून तो २००६ साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराच्या मैत्रीखातर जपानी पद्धतीची बाग खुली झाली. पुण्याला जपानची ओळख नवी नव्हती. जपानी भाषा शिकणारी मुले येथे फार पूर्वीपासून आहेत. पण पुण्याच्या संघाकडून घाम गाळणारा जपानी ही गोष्ट नवी होती.

कोलकात्यानंतर तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये गेला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला हा नामांकित संघ होता. (याच उद्योगसमूहाच्या नावाचे आंतरराष्ट्रीय महाविद्यालय १९९७ पासून आपल्या मुळशीत, पौडजवळच्या डोंगरावर आहे. देशोदेशीची मुले तेथे शिकतात, म्हणून तालुक्याला फुटबॉल अगदीच अपरिचित नाही. तरी गावोगावी मान आजही कुस्तीला आणि कबड्डीलाच आहे.) २००९ साली अराता पुणे फुटबॉल क्लबमध्ये आला. क्लबचा जन्म २००७ चा, मालकी अशोक पिरामल समूहाची. पहिल्याच आय-लीग हंगामात, म्हणजे २००९-१० मध्ये, पुण्याने तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा क्रमांक आला. २०१४ साली हा संघ आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकातही खेळला.

लोक या खेळाडूवर जीव का लावत होते, याचे कारण आम्हाला दुकानदारीच्या भाषेत सांगावेसे वाटते. भारतीय फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडू बहुधा एका हंगामाचा करार करून येतो, हंगाम संपला की दुसरीकडे जातो. गिऱ्हाईक त्याला ओळखते, पण त्याची पत बांधली जात नाही. अराता एकाच गावात कित्येक हंगाम टिकला. पेठेत जो दुकानदार रोज ठरल्या वेळी शटर उघडतो, त्याच्याबद्दल जी भावना तयार होते, तीच येथे झाली. त्याचा खेळही गाजावाजाचा नव्हता. मधल्या फळीतून पुढे सरकणे, चेंडू जास्त वेळ पायात न ठेवणे, दमल्याशिवाय धावणे. अशा खेळाचे कौतुक सावकाश होते, पण झाले की टिकते.

दुसरे कारण अधिक मोठे. २००८ च्या डिसेंबरात केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने धोरण ठरवले की राष्ट्रीय संघातून खेळायचे तर भारतीय पासपोर्टच हवा, परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना ती मुभा नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. जपानचाही करत नाही. म्हणजे निवड एकाचीच करायची होती. अराताने जपानचे नागरिकत्व सोडले, भारताचे घेतले आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून पहिला सामना खेळला. तो सामना आपण ४-२ असा हरलो. पण ज्या पासपोर्टवर जगातल्या बहुतेक देशांत सहज जाता येते तो सोडून आपला पासपोर्ट घेणारा माणूस लोकांच्या मनात घर करून राहिला, यात नवल नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्टवर राष्ट्रीय शिबिरात बोलावले गेले, तेव्हाही पहिली आठवण निघाली ती अराताचीच.

यात एक व्यवहारही होता, तो लपवण्याचे कारण नाही. आय-लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असे. भारतीय झालेला अराता त्या मोजणीतून बाहेर पडला आणि संघात एका परदेशी खेळाडूची जागा मोकळी झाली. म्हणजे त्याची बाजारातली किंमत वाढली. वाढो बापडी. हलाल मार्गाने किंमत वाढली तर कोणाचे पोट का दुखावे?

दुकान उठले की पतही उठते

आता गल्ल्याकडे येऊ. पुण्यातल्या खेळाच्या दुकानांत किंवा आठवडेबाजारातल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात फुटबॉलचा शर्ट मागा. ब्राझीलचा पिवळा मिळेल, अर्जेंटिनाचा निळा-पांढरा मिळेल, मँचेस्टर आणि बार्सिलोना मिळतील. आपल्या मैदानावर, आपल्या डोळ्यांसमोर खेळलेल्या संघाचा मिळणार नाही. कारण तो संघच आता अस्तित्वात नाही.

अराताच्या महाराष्ट्रातल्या तीन संघांचा हिशेब वाचकांनी स्वतः पाहावा. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला, कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचे ठरवले. पुणे फुटबॉल क्लबने २०१४-१५ च्या हंगामानंतर आय-लीग सोडली. त्यानंतर तो इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळला. तो संघही २०१९ साली गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. मधल्या काळात डीएसके शिवाजियन्स हा आणखी एक पुणेरी संघ आय-लीगमध्ये आला आणि गेला. दहा वर्षांत एका शहराने इतके फलक चढताना आणि उतरताना पाहिले. ज्या दुकानदाराने यांपैकी एखाद्या संघाचे शर्ट, टोप्या, मफलर भरून ठेवले असतील त्याच्याकडे शेवटी काय उरले असेल, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. संघ बंद झाला की त्या मालाला चिंधीचा भाव येतो.

हे सगळे संघ मालकांचे होते. मालकाचा दुसरा धंदा अडचणीत आला, मन उडाले, हिशेब जुळेना, की संघ बंद. मालकाला तसा अधिकार आहे आणि तोटा त्याचाच असतो, म्हणून आम्ही त्याला दोष देत नाही. पण संघासोबत लोकांनी जमवलेली माया आणि खेळाडूने कमावलेली पतही जाते. त्या मायेवर कोणाचीच मालकी नव्हती, म्हणून ती सांभाळायलाही कोणी उरत नाही.

कोलकात्याचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लब १८९१ चा. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने कोलकाता लीग जिंकली. १९४० साली दिल्लीचा ड्युरँड चषक आणि मुंबईचा रोव्हर्स चषक दोन्ही नेले. त्यानंतर या क्लबने किती वाईट दिवस पाहिले याची गणती नाही. पण तो कोण्या एका शेटजीचा नव्हता, सभासदांचा होता, म्हणून टिकला. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो वरच्या लीगमध्ये गेला. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. तेथे आजोबांचा झेंडा नातू धरतो, म्हणून झेंडे शिवणाऱ्यालाही पिढ्यान्‌पिढ्या काम मिळते. आपल्याकडे अंजुमन आणि खासगी पेढी यांत जो फरक आहे तोच हा.

नाकाताने काय केले

अराता ज्या देशातून आला तेथेही कंपन्यांचेच संघ होते. १९९३ साली दहा संघांनिशी जे-लीग सुरू झाली तेव्हा एक दंडक घालण्यात आला. संघाच्या नावात कंपनी नको, गाव हवे. कंपनीने पैसा खुशाल घालावा, पण संघ गावाचा म्हणून ओळखला गेला पाहिजे. मोठ्या कंपन्यांना ते रुचले नाही, तरी नियम राहिला. आज या लीगच्या तीन श्रेणींत मिळून साठ संघ आहेत.

या नियमाचा उपयोग काय, ते हिदेतोशी नाकाताच्या कहाणीवरून कळते. जपानचा हा सर्वांत गाजलेला निवृत्त खेळाडू. जन्म १९७७ चा, गाव कोफू. १९९७ आणि १९९८ अशी दोन वर्षे तो आशियाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९८ साली बेलमारे हिरात्सुका या क्लबातून तो इटलीच्या पेरुजा संघात गेला आणि पहिल्याच सामन्यात युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाविरुद्ध त्याने दोन गोल केले. पेरुजा हे डोंगरावरचे लहानसे जुने शहर. तेथे जपानी पर्यटकांची रीघ लागली आणि त्याच्या ७ क्रमांकाच्या शर्टाला मागणी आली. पुढे रोमा संघाबरोबर २००१ साली त्याने इटलीचे विजेतेपद मिळवले.

त्याने सोडलेल्या क्लबचे काय झाले ते अधिक शिकण्याजोगे आहे. बेलमारेच्या पाठीशी फुजिता ही बांधकाम कंपनी होती. १९९९ साली कंपनीने हात काढून घेतला. त्याच वर्षी संघ खालच्या श्रेणीत घसरला. आपल्याकडे येथे कुलूप लागले असते. तेथे आसपासच्या गावांनी मिळून तोच संघ २००० साली शोनान बेलमारे या नावाने उभा केला. नाकाताने इटलीत असताना आपल्या नावाच्या संकेतस्थळामार्फत या जुन्या क्लबचे प्रायोजकत्व घेतले. म्हणजे खेळाडूच्या लोकप्रियतेचा पैसा त्याच्या पहिल्या पेठेत परत आला. २०१८ साली याच संघाने जपानचा लीग चषक जिंकला. इकडे पेरुजाचा क्लब २००५ साली दिवाळखोरीत गेला, तेव्हा शर्ट पुष्कळ खपणे म्हणजे धंदा सुरक्षित असणे नव्हे, हेही दिसलेच.

नाकाता २००६ च्या विश्वचषकानंतर, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी निवृत्त झाला. पैसा होता, नाव होते. काही वर्षे जग फिरला आणि २००९ पासून त्याने स्वतःचा देश पालथा घालायला सुरुवात केली. जपानच्या ४७ प्रांतांत जाऊन तो कुंभार, विणकर, लाकडावर लाख चढवणारे, हातकागद करणारे अशा कारागिरांना भेटला. त्यांच्याजवळ बसला, काम कसे चालते ते पाहिले आणि नावाजलेल्या कलाकारांशी त्यांची गाठ घालून नव्या वस्तू घडवून घेतल्या. आयुष्यभर भट्टीसमोर बसूनही ज्याचे नाव शेजारच्या गावाला ठाऊक नाही, अशा माणसाच्या दारात देशाचा लाडका खेळाडू उभा राहतो, तेव्हा वर्तमानपत्रांचे कॅमेरे मागोमाग येतात. कारागिराला हुनर असते, ओळख नसते. खेळाडूकडे ओळख असते. ही भागीदारी आम्हाला फार मोलाची वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०१५ साली नाकाताने जी कंपनी काढली ती जपानी मद्याच्या व्यापाराची आहे. तो धंदा आपल्याला वर्ज्य आहे आणि त्याचे कौतुक या पानावर होणार नाही. पण चालत कारागिराच्या दारी जाण्याची त्याची रीत घेण्याजोगी आहे, ती घ्यावी.

आपल्याकडे काय करता येईल

चेंडूचा धंदा आधी पाहू, कारण तेथे सावध राहण्याची गरज आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधर आणि मेरठ येथे हा उद्योग वसवला. पुण्याच्या दुकानातला चेंडू आजही बहुधा तिकडूनच येतो. जुन्या पद्धतीचा चेंडू ३२ तुकड्यांचा असतो. २० षटकोनी, १२ पंचकोनी, आणि हाताने शिवायचा तर सहाशेहून अधिक टाके. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. चेंडू विकणाऱ्या बंधूंनी तराजू आणि टेप जवळ ठेवून गिऱ्हाइकासमोर मापून द्यावा. मापात चोख राहण्याबद्दल आपल्याला निराळे सांगायला नको. २००६ च्या विश्वचषकापासून मात्र वरच्या दर्जाचे चेंडू शिवले जात नाहीत, उष्णतेने चिकटवले जातात. सियालकोटच्या ज्या कारखान्यात २०१४ च्या विश्वचषकाचा चेंडू तयार झाला तेथेही हेच तंत्र होते. म्हणून केवळ हातशिलाईच्या भरवशावर या धंद्यात नव्याने उतरू नये, असे आमचे मत आहे. दुरुस्तीचे काम मात्र आहे. उसवलेला टाका, गळकी वॉल्व्ह, बदलायचा ब्लॅडर ही कामे मोचीकाम येणाऱ्या माणसाला जमतात, आणि शाळांच्या कपाटांत असे कितीतरी चेंडू पडून असतात.

शर्टाचे तसे नाही. हा धंदा जेथे खेळ चालतो तेथेच करता येतो. हिंजवडी, बावधन, भूगाव या भागांत तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची मैदाने झाली आहेत. संध्याकाळी संगणक कंपन्यांतली मुले तेथे खेळतात. सोसायट्यांच्या, कंपन्यांच्या, शाळांच्या स्पर्धा होतात. प्रत्येक संघाला एकसारखे शर्ट, पाठीवर नाव आणि क्रमांक हवा असतो. पिरंगुट आणि पौडच्या कबड्डी संघांनाही तेच हवे असते. या गिऱ्हाइकाला ब्राझीलचा शर्ट नको आहे, त्याला स्वतःच्या नावाचा हवा आहे.

छपाईच्या पद्धती कारागीर बंधूंना माहीत असतील, तरी नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो. सब्लिमेशनमध्ये विशिष्ट शाईने कागदावर नक्षी छापतात आणि तो कागद सुमारे दोनशे अंश उष्णतेत मिनिटभराच्या आत कापडावर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, म्हणून रंग उडत नाही. पण हे फक्त पॉलिएस्टरवर आणि तेही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर चालते. सुती कापड हा रंग धरत नाही, काळ्यावर दिसतच नाही. सुतीसाठी आपली जुनी स्क्रीन छपाईच बरी. थोडेच शर्ट असतील तर पातळ व्हिनाइल कापून इस्त्रीच्या यंत्राने चिकटवता येते. ते स्वस्त पडते, पण धुलाईत कडा सुटतात. तसे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. माणसाचे चित्र छापण्याबद्दल ज्यांच्या मनात संकोच आहे त्यांच्यासाठी हा धंदा सोयीचा आहे, कारण नाव आणि क्रमांक यांत तो प्रश्नच येत नाही.

आता एक कच्चा हिशेब. समजा पंधरा शर्टांची मागणी आली. कापड, शिलाई आणि छपाई धरून एका शर्टाला २२० रुपये पडले आणि आपण ३०० घेतले, तर एकूण सुटतात १,२००. यातून दोन शर्टांचे माप चुकून पुन्हा करावे लागले की ४४० गेले. म्हणून माप लिहून घ्या, नावांचे अक्षरलेखन गिऱ्हाइकाच्या हाताने लिहून त्यावर सही घ्या आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उधारीवर संघाचे काम करू नये. स्पर्धेत हरलेला संघ पैसे द्यायला सावकाश येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी ही मर्यादा एक हजाराची होती. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी बिलात हा दर पाहून घ्यावा.

एका मोहापासून मात्र सावध करणे आमचे कर्तव्य आहे. नामांकित क्लबची किंवा बुटांच्या कंपनीची खूण छापून शर्ट विकला की दोन पैसे जास्त मिळतात आणि सगळेच तसे करतात, असे सांगितले जाते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे या दोन्हींसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. छापा पडतो तेव्हा खूण काढून देणारा दूरचा ठोक व्यापारी सापडत नाही, पदपथावरचा आपला माणूस सापडतो. शिवाय हा केवळ सरकारी कायद्याचा प्रश्न नाही. इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात ठराव केला आहे की व्यापारी नाव, व्यापारचिन्ह आणि लेखन-संशोधनाचे हक्क ही त्या त्या धन्याची मिळकत असून शरीअतच्या दृष्टीने तिला संरक्षण आहे. दुसऱ्याच्या मिळकतीवर हात टाकून आलेल्या पैशाला काय म्हणायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

उलट स्वतःची खूण का असू नये? गळपट्टीच्या आत लहानशी चिठ्ठी शिवा, त्यावर दुकानाचे नाव, गाव आणि फोन. व्यापारचिन्हाची नोंदणी एकट्या कारागिरालाही करता येते. महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज संगणकावरूनही भरता येतो. ज्या भगिनी घरी बसून ठेकेदाराचे शिलाईकाम करतात त्यांनी चौघी-पाच जणींनी मिळून एक नाव घेतले, तर संघाची मागणी थेट त्यांच्याकडे येऊ शकते. मधल्या ठेकेदाराला हे आवडणार नाही. त्यानेही छपाईचे यंत्र आणावे आणि भागीदार म्हणून सामील व्हावे.

आणि खेळाडू? अराता महाराष्ट्रातच राहिला. २०१७-१८ मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडून खेळला, नंतर त्याने बूट काढून ठेवले आणि नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स या प्रबोधिनीत मुलांना शिकवण्याचे काम हाती घेतले. बारा-तेरा वर्षांची निवडलेली मुले तेथे राहून खेळतात आणि शिकतात. ज्या मुलांनी त्याला बालेवाडीत पाहिले ती आता कमावती झाली आहेत. त्यांच्यातलीच काही तासाच्या भाड्याच्या मैदानांवर दिव्यांच्या उजेडात खेळतात, स्पर्धा भरवतात आणि शर्ट कोण करून देईल म्हणून फोन फिरवतात. पावसाळा सरला की या स्पर्धांना जोर येतो. कापडाचे नमुने आणि मापाची वही घेऊन ऑगस्टातच त्या मैदानांच्या व्यवस्थापकांना भेटून ठेवलेले बरे. सप्टेंबरात गेलात तर काम दुसऱ्याला गेलेले असेल.